हृदयाशेजारची सावली

6 मे 1922 रोजी राजर्षी शाहू महाराज हृदयविकाराने गेले. वय अवघे 47. त्या काळी हृदयाची परीक्षा मुख्यतः कानांनी व बोटांनीच होई. क्षकिरण 1895 मध्ये सापडले होते. ते छातीतील सावली दाखवीत. ती कशाची, हे मात्र सांगत नसत.

हृदयावरणावरील पाण्याची गाठ ही अशीच एक सावली. ती बहुधा जन्मजात, उजव्या बाजूस, पातळ भिंतीची व नितळ पाण्याने भरलेली असते. 1931 मध्ये अमेरिकेत ऑटो पिकहार्ट यांनी ती शस्त्रक्रियेने काढली. पुढे 1953 मध्ये स्वीडनमध्ये एड्लर व हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिले. 1971 मध्ये सी. टी. स्कॅन आला. छाती न उघडताच गाठीत पाणी आहे की मांस, हे कळू लागले.

त्यामुळे शस्त्र आवरले गेले. त्रास नसेल तर गाठीवर नुसती नजर ठेवतात. धाप लागली, छाती दुखू लागली, तर सुईने पाणी काढतात किंवा गाठच काढतात. पण कुत्र्या-मेंढ्यांच्या जंतांपासून होणारी गाठ निराळी. ती फुटली तर प्राणावर बेतते. आमच्या कोल्हापूरच्या मुलखात तर मेंढपाळ पुष्कळ. म्हणून आम्ही म्हणतो, आधी ओळख, मग सुई.