जुन्नरचा पडदा आणि रोग कळवण्याचा कायदा

१/ इ.स. १६७५. जुन्नरवर मुघलांचा अंमल होता. तेथील अंमलदाराच्या बोलावण्यावरून ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून कल्याणमार्गे घाट चढून जुन्नरास आला. जनानखान्यातील आजारी स्त्रीची नाडी त्याने पाहायची होती, तीही पडद्याआडून.

२/ परीक्षा म्हणून प्रथम एका धडधाकट दासीचा हात पुढे करण्यात आला. नाडी निरोगी असल्याचे फ्रायरने सांगितले, तेव्हाच खऱ्या रुग्णाचा हात पुढे आला. त्याला जे कळले ते त्या घरापुरतेच राहायचे होते. रोगाची खबर सरकारला देण्याचे कोणतेही बंधन त्याच्यावर नव्हते.

३/ दोन शतकांनी हे चित्र पालटले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातील कलम ४२१ नुसार, खासगी घरात घातक रोगाचा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने विनाविलंब आरोग्य अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्येही असा कायदा झाला. तेथे प्रत्येक खासगी रुग्णाच्या सूचनेमागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत.

४/ या कलमाने डॉक्टरला दोन निष्ठांच्या मध्ये उभे केले. रुग्ण विश्वासाने आपले गुपित त्याच्या हाती सोपवतो. पण तेच गुपित शेजाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. कायद्याने शेजाऱ्याची बाजू घेतली. मग रुग्णाने डॉक्टरकडे का यावे?

५/ हा प्रश्न लवकरच कसोटीला लागला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि ते पालिकेपुढे मांडले. कायद्याला अपेक्षित होते नेमके तेच त्यांनी केले.

६/ पुढची पावले मात्र भीती वाढवणारी होती. ऑक्टोबरच्या आरंभी पालिका आयुक्तांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आदेश काढला. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि आदेश सौम्य करावा लागला. रोग कळवणे म्हणजे माणूस गमावणे, हे समीकरण मात्र लोकांच्या मनात पक्के झाले.

७/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात डॉक्टरांच्या कर्तव्याचा उल्लेखही नव्हता. होते ते शासनाला दिलेले व्यापक अधिकार. पुण्यात सैनिक घरोघरी शिरून रुग्ण शोधू लागले. लोक रुग्ण दडवू लागले, मृत्यू लपवू लागले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

८/ त्याच शहरात दुसरेही उदाहरण होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. रुग्णापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग सक्तीचा नव्हता.

९/ आणि जुन्नर-आंबेगाव? आंबेगाव तेव्हा खेड तालुक्याचा भाग होता. १८८८ चा कायदा मुंबई शहरापुरता होता आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांत डॉक्टर मिळणेच कठीण. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावकामगार ठेवत. म्हणजे रोगाची वार्ता सरकारपर्यंत पोहोचे ती बहुधा मृत्यूची नोंद होऊन. उपचारास तेव्हा उशीर झालेला असे.

१०/ आज मंचर, घोडेगाव, नारायणगाव येथील खासगी दवाखान्यांवरही हे कर्तव्य आहे. ७ मे २०१२ च्या केंद्राच्या आदेशाने क्षयरुग्णाची नोंद बंधनकारक झाली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने कसूर करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शक्यता निर्माण केली. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी महाराष्ट्राने नियम केले, तेही त्याच १८९७ च्या कायद्याखाली.

११/ एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. क्षयरुग्णाची नोंद झाली की त्याला मोफत औषधे आणि पोषणासाठी मासिक साहाय्य मिळते. हे साहाय्य २०१८ मध्ये ५०० रुपये होते, २०२४ च्या अखेरीस ते १,००० झाले. नोंद करणाऱ्या खासगी डॉक्टरलाही मानधन आहे. १८९६ मध्ये नोंदीपाठोपाठ सक्ती येत असे. आता उपचार येणे अपेक्षित आहे.

१२/ तरीही भीती संपलेली नाही. लग्न मोडेल, काम सुटेल, गावात बोभाटा होईल, या धाकाने आजही खोकला लपवला जातो. डॉक्टरने नोंद टाळली तर घरातील लहान मूल धोक्यात येते आणि नोंदीतील नाव चव्हाट्यावर आले तर पुढचा रुग्ण दवाखान्याची पायरीच चढत नाही. म्हणून नोंद आणि गोपनीयता एकमेकींविरुद्ध नाहीत. दुसरीवाचून पहिली टिकत नाही.

१३/ फ्रायरच्या वृत्तांतात आणखी एक प्रसंग आहे. दुसऱ्या दिवशी जनानखान्याचा तो पडदा अचानक खाली आला आणि आतील स्त्रिया उघड्यावर आल्या. १८९७ मध्ये पुण्याच्या घराघरांत सरकारने असाच पडदा ओढून काढला. रुग्णाने स्वतःहून हात पुढे करावा इतका विश्वास कमावणे, हे काम कायद्याच्या कलमांनी आपोआप होत नाही.