थीटा आणि ‘थ’

दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यावरील अशोकस्तंभ मूळचा तोपऱ्याचा. फिरोजशाह तुघलकाने तो चौदाव्या शतकात राजधानीत आणविला. त्यावरील सातवा लेख अन्य कोणत्याही स्तंभावर नाही. त्याच्या अखेरीस ‘सिलाथंभानि’ आणि ‘चिलठितिके’ असे शब्द येतात. पहिल्यातील ‘थ’ म्हणजे मध्ये टिंब असलेले वर्तुळ, दुसऱ्यातील ‘ठ’ म्हणजे नुसतेच वर्तुळ. ग्रीक जाणणाऱ्यास तो ‘थ’ पाहून थीटा आठवल्यावाचून राहत नाही.

थीटाच्या वर्तुळात प्रारंभी फुली असे. टिंब आणि आडवी रेघ नंतरची. त्याच्या नावाला ग्रीक भाषेत अर्थ नाही. ते सेमिटिक ‘तेथ’वरून आले, आणि तेथ म्हणजे चाक, हेही अनुमानच. कंठावर दाब देऊन उच्चारलेल्या त्या ‘त’चे ग्रीकांना काम नव्हते. त्यांना आपल्या महाप्राण ध्वनीसाठी चिन्ह हवे होते. रिकाम्या घरात त्यांनी नवे बिऱ्हाड बसविले.

हा ध्वनी आपल्या ‘थ’चाच होता, याची एक सुरेख साक्ष इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा अगाथोक्लीझ याच्या नाण्यावर मिळते. एका बाजूस ग्रीक लिपीत थीटासह त्याचे नाव, दुसऱ्या बाजूस ब्राह्मीत ‘अगथुक्ल...’. ज्याने हा ठसा कोरला त्याला ‘थ’ निवडताना काही अडचण पडलेली दिसत नाही. याच नाण्यावरून लासेनने १८३६ साली काही ब्राह्मी अक्षरे ओळखली. पुढच्याच वर्षी प्रिन्सेपने दिल्लीचा स्तंभ वाचला. आजच्या ग्रीकमध्ये थीटा घर्षक झाला आहे. आपल्या गणिताच्या तासाला उच्चारला जाणारा ‘थीटा’ त्या मानाने अधिक जुना!

ध्वनी जुळला म्हणून कूळ एक ठरत नाही. पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केलेल्या ब्यूलर यांनी १८९५ साली ब्राह्मी ‘थ’ तेथपासून काढला, म्हणजे थीटा त्याचा चुलतभाऊ. गौरीशंकर ओझा यांना ही परकी वंशावळ मान्य नव्हती. वर्तुळात टिंब कोणीही काढील, हा आक्षेप मलाही वजनदार वाटतो. एका अक्षराच्या साम्यावर लिपीचा जन्म सिद्ध होत नाही. परंतु टिंब पुसून ‘थ’चा ‘ठ’ केला, ही ब्यूलर यांचीच उपपत्ती खरी असेल, तर दंत्य आणि मूर्धन्य यांचे नाते जाणणारा कोणी वर्णज्ञ या लिपीमागे उभा होता. असे नाते तेथच्या वा थीटाच्या आकारात शोधून सापडत नाही. वर्तुळ उसने असो वा नसो, ही जाण इथली.

पुढे देवनागरीत ‘थ’चे वर्तुळ मोडले, ‘ठ’ने ते अद्याप राखले आहे.