कबुलीची वही आणि मित्राने दिलेला खो

स्वतःविषयीच्या ठरावीक प्रश्नांची उत्तरे लिहावयाची आणि तीच प्रश्नावली पुढे मित्राच्या हाती सोपवावयाची, हा खेळ संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत ‘कन्फेशन अल्बम’, म्हणजे छापील प्रश्नांखाली पाहुण्यांनी आपल्या आवडीनिवडी नोंदवाव्यात अशी कबुलीची वही, बैठकीत फिरत असे. १८६५ मध्ये कार्ल मार्क्सने मुलींच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली होती. पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फेलिक्स फॉर यांच्या कन्येच्या वहीत किशोरवयीन मार्सेल प्रूस्तने लिहिलेली उत्तरे इतकी गाजली, की ती प्रश्नावली आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजांत निरोपाच्या दिवसांत फिरणारी ‘स्लॅम बुक’ याच जातकुळीतली होती.

या सर्व वह्यांत एक गोष्ट समान होती आणि पुढील सारा इतिहास समजण्यासाठी तीच महत्त्वाची आहे: वही कोणाची हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे, ती कोणाच्या कपाटात राहणार हेही ठाऊक असे, आणि एखाद्याने आपल्या पानावर काहीही लिहिले तरी त्यामुळे दुसऱ्याचे पान आपोआप भरत नसे.

हा खेळ इंटरनेटवर आला तेव्हा वहीच्या जागी ‘टॅग’ आला, म्हणजे उत्तरे लिहून झाल्यावर मित्रांची नावे जोडून त्यांना खेळात ओढण्याची रीत. मराठी ब्लॉगलेखकांनी तिला ‘खो’ हा शब्द दिला आणि तो मूळ शब्दापेक्षाही नेमका होता, कारण खो-खोत पाठीवर थाप पडली की बसून राहता येत नाही, तशीच मित्राने नाव घेतल्यावर गप्प राहण्याची भीड पडते. २००९ च्या आरंभी फेसबुकवर स्वतःविषयीच्या पंचवीस गोष्टी लिहून पंचवीस जणांना टॅग करण्याची लाट आली, ती या भिडेच्याच बळावर. पहिली शाळा, लाडक्या प्राण्याचे नाव, आईचे माहेरचे आडनाव असे या प्रकारच्या खेळांत विचारले जाणारे प्रश्न विसरलेला पासवर्ड परत मिळवण्यासाठीच्या सुरक्षा-प्रश्नांशी जुळतात, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नसे, कारण विचारणारा परका नसून मित्र असे.

मात्र खरे स्थित्यंतर याआधीच सुरू झाले होते. मे २००७ मध्ये फेसबुकने बाहेरच्या निर्मात्यांना आपल्या व्यासपीठावर खेळ आणि प्रश्नमंजूषा चालवण्याची मुभा दिली, आणि त्या व्यवस्थेत ॲप घेणारा केवळ स्वतःची नव्हे, तर आपल्या मित्रांचीही काही माहिती निर्मात्यापुढे खुली करू शकत असे. खो देण्याचीसुद्धा गरज उरली नाही. मैत्रीची नोंद पुरेशी ठरली. अमेरिकेतील नागरी स्वातंत्र्य संघटना एसीएलयूने २००९ मध्ये, प्रश्नमंजूषा किती पाहू शकतात हे दाखवणारी एक प्रश्नमंजूषाच फेसबुकवर ठेवली होती, परंतु मित्रांची माहिती देणारी ही वाट एप्रिल २०१५ पर्यंत सर्वसाधारणपणे उघडीच राहिली.

तिचा सर्वांत कुप्रसिद्ध वापर केंब्रिज विद्यापीठातील संशोधक अलेक्झांडर कोगन याच्या ‘धिस इज युअर डिजिटल लाइफ’ या व्यक्तिमत्त्व-चाचणीत झाला. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी ती घेतली, तर केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीपर्यंत ज्यांची माहिती गेली असावी अशांची संख्या फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये ८ कोटी ७० लाखांपर्यंत सांगितली. भारतातील आकडे अधिकच बोलके आहेत: येथे ॲप घेणारे अवघे ३३५ होते आणि अशा ॲप घेणाऱ्या कोणाचे तरी मित्र एवढ्याच नात्याने बाधित होऊ शकलेले ५,६२,१२०. या लक्षावधी माणसांना कोणीही प्रश्न विचारला नव्हता आणि त्यांनी उत्तरही दिले नव्हते. नकार देण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही, आणि या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय तोच होय. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खासगीपणाच्या उल्लंघनांसाठी फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला, पण एकदा बाहेर गेलेली माहिती दंडाने कपाटात परत येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर सहा वर्षांनी भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्याने कक्षेबाहेर ठेवली आहे, म्हणजे घरातल्या वहीची आणि कंपनीच्या नोंदवहीची गल्लत कायद्याने केलेली नाही. परंतु माणसाने आपण होऊन सर्वांसमोर उघड केलेली माहितीही त्याने तशीच बाहेर ठेवली असल्याने, मित्राच्या खोला मान देऊन सर्वांना दिसेल अशा पानावर लिहिलेले पहिल्या शाळेचे नाव या संरक्षणात येत नाही.