पाहुणचार करणारे हात

‘कामगार पाहिजेत’ ही हॉटेलच्या दारावरील पाटी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. 2020 च्या टाळेबंदीत गावी परतलेले कित्येक आचारी व वाढपी पुन्हा कामावर आलेच नाहीत. पाहुणचार करणारे हात का टिकत नाहीत, याचा विचार करताना बुलढाणा जिल्ह्यातील शेगावचा इतिहास आम्हांला उद्बोधक वाटतो.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला. या मार्गावरील शेगावी 1878 साली गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. 1908 साली संस्थान स्थापन झाले आणि 1910 साली महाराजांनी समाधी घेतली. पुढे यात्रेकरू वाढले, तशी निवासाची व भोजनाची व्यवस्थाही वाढली. ती केवळ पगारी नोकरांवर उभी नाही. खेड्यापाड्यांतून हजारो सेवाधारी पाळीपाळीने येतात. झाडणे, वाढणे, पादत्राणे सांभाळणे ही कामे ते विनावेतन करतात, येणाऱ्यास ‘माउली’ म्हणतात आणि पाळी संपताच आपल्या घरी, शेतावर परततात. संस्थानाची धुरा दीर्घकाळ वाहणारे शिवशंकरभाऊ पाटील 2021 साली निवर्तले. पण पाळ्या खंडित झाल्या नाहीत.

ही माणसे केवळ भक्तीमुळे येतात, असे म्हणून थांबणे पुरेसे नाही. त्यांच्या श्रमाला शेवट आहे व कामाला मान आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमातही हीच जाण दिसते. पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताप्रमाणे करावे, असे ते सांगतात. मात्र स्वयंपाकघरातील सेवा आठवड्याच्या पाळीने वाटून देतात. वाढणाऱ्यांना भोजनाच्या वेळेपूर्वी थोडी भाकर व पेय द्यावे, तसेच पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात गरज पडेल तेव्हा मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, असेही त्यांनी नमूद केले आहे.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. शेगावच्या सेवाधाऱ्याचे पोट त्या सेवेवर अवलंबून नसते. हॉटेलातील मुलाचे असते. त्याला सेवाभावाचा उपदेश करून वेतन रोखणे हा अन्यायच होय. अशा पोटार्थी माणसाला काय लागते, हे मुंबईतील गोवेकरांच्या ‘कूड’ या वसतिगृहांनी दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकापासून बोटींवरील खलाशी व आचारी दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात तेथे राहत. स्वस्त खोली, आपल्या गावची माणसे आणि संध्याकाळची रोझरी यांचा त्यांना आधार होता.

आपल्या अनेक कुटुंबांतील मुले आज हॉटेलांत व जहाजांवर काम करतात. नाताळच्या रात्री ती दुसऱ्यांची ताटे वाढत असतात. त्यांना नोकरी देणाऱ्यांत आपल्यापैकीही काही जण आहेत. आपल्याकडील कामगार केव्हा जेवतो, कोठे झोपतो आणि घरी कधी जातो, हे त्यांनी आधी विचारावे. तो नोकरी का सोडतो, हे मग वेगळे विचारावे लागणार नाही.