फ्रॅपे फ्रेमवर्क

फ्रॅपे फ्रेमवर्क ही महाजालावर चालणाऱ्या व्यावसायिक आज्ञावल्या तयार करण्यासाठी वापरली जाणारी मुक्त स्रोत चौकट आहे. पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेली ही चौकट मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केली असून ती एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. हिशेब, साठा, खरेदी-विक्री आणि उत्पादन यांची व्यवस्था पाहणारी 'ईआरपीनेक्स्ट' ही प्रणाली याच चौकटीवर उभी आहे. जँगोसारख्या जगभर रूढ चौकटींच्या तुलनेत फ्रॅपेचा समुदाय लहान आहे. त्यामुळे तिचे भवितव्य मुख्यतः मूळ कंपनी आणि समुदाय यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून आहे.

इतिहास

औद्योगिक अभियंता असलेले ऋषभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाची गरज म्हणून या कामास आरंभ केला. २००८ मध्ये त्यांनी मुंबईत वेब नोट्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी स्थापन केली. प्रारंभी चौकटीला स्वतंत्र अस्तित्व नव्हते. ती ईआरपीनेक्स्टचाच पाया होती. पुढे ती वेगळी काढण्यात येऊन तिला 'फ्रॅपे' हे नाव मिळाले आणि कालांतराने कंपनीनेही तेच नाव स्वीकारले. २०२० मध्ये झिरोधा या दलाली संस्थेच्या 'रेनमॅटर' उपक्रमाने कंपनीत गुंतवणूक केली. त्याच वर्षी ईआरपीनेक्स्टसाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाचे रूपांतर 'फॉस युनायटेड' या संस्थेत झाले. ही संस्था भारतातील मुक्त स्रोत चळवळीसाठी कार्य करते.

रचना

फ्रॅपेच्या केंद्रस्थानी 'डॉकटाइप' ही संकल्पना आहे. डॉकटाइप म्हणजे एखाद्या नोंदीचा आराखडा. पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्याचे उदाहरण घेतल्यास 'मूर्तीची मागणी' या डॉकटाइपमध्ये ग्राहकाचे नाव, मूर्तीची उंची, शाडू की प्लास्टर, आगाऊ रक्कम आणि पाठवणीची तारीख ही रकाने असतील. एवढा आराखडा दिल्यावर डेटाबेसमधील तक्ता, नोंद भरण्याचा अर्ज, यादी, शोध आणि कोणी काय पाहावे याचे नियम चौकट स्वतःच तयार करते. रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्याला लागणारी बॅचनिहाय तपासणीची नोंदही याच पद्धतीने उभी करता येते. नोंदी साठवण्यासाठी प्रामुख्याने मारियाडीबी वापरला जातो, तर तात्पुरत्या साठवणीसाठी व कामांच्या रांगेसाठी रेडिस वापरतात. 'बेंच' या साधनाने एकाच संगणकावर अनेक संस्थांची स्वतंत्र स्थळे चालवता येतात.

परवाना व अर्थव्यवस्था

चौकटीला एमआयटी, तर ईआरपीनेक्स्टला जीपीएल आवृत्ती ३ हा परवाना लागू आहे. एमआयटी परवान्यामुळे फ्रॅपेवर बांधलेली आज्ञावली खुली ठेवण्याचे बंधन येत नाही; जीपीएलखाली मात्र सुधारित आवृत्ती इतरांना देताना तिची संहिताही द्यावी लागते. कंपनीचे उत्पन्न मुख्यतः 'फ्रॅपे क्लाउड' ही होस्टिंग सेवा व ग्राहक-साहाय्य यांतून येते.

समुदाय व मराठी

मूळ संहितेचे काम प्रामुख्याने कंपनीचे अभियंते करतात. त्रुटी नोंदवणे, सुधारणा सुचवणे, देशोदेशीच्या करनियमांसाठी जोड-आज्ञावल्या लिहिणे आणि भाषांतर यांत स्वयंसेवक व सेवा पुरवणाऱ्या लहान कंपन्या यांचा सहभाग असतो. भाषांतरे गेटटेक्स्ट पद्धतीच्या संचिकांत ठेवली जातात. मराठीत कीर्द, खतावणी, येणे-देणे, आवक-जावक असे हिशेबाचे रूढ शब्द पूर्वीपासून आहेत. तरीही ते पडद्यावर दिसण्यासाठी हिशेब आणि भाषा दोन्ही जाणणाऱ्या व्यक्तींनी भाषांतरात भाग घेणे आवश्यक असते.

भवितव्य

एकाच कंपनीवर विसंबलेल्या साधनांचे भवितव्य कसे वळण घेते, याची दोन उदाहरणे दिली जातात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मलेली जँगो ही चौकट २००५ मध्ये खुली झाली आणि २००८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. याउलट २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली मीटिअर ही चौकट कंपनीच्या ताब्यात राहिली व २०१९ मध्ये ती दुसऱ्या कंपनीकडे गेली. संहिता खुली असल्याने तिचे काम मात्र थांबले नाही.

फ्रॅपेच्या बाबतीतही परवाना मागे घेतला जाण्याचा धोका नाही. प्रसिद्ध झालेली संहिता कोणालाही पुढे चालवता येते. खरा प्रश्न ती चालवण्याची क्षमता असलेल्या माणसांचा आहे. २०२२ मधील चौदाव्या आवृत्तीत मनुष्यबळ, आरोग्य, शिक्षण इत्यादी विभाग ईआरपीनेक्स्टमधून वेगळे करण्यात आले. त्यामुळे मूळ प्रणाली आटोपशीर झाली, पण प्रत्येक विभागाला स्वतंत्र सांभाळणारे लागू लागले.

लहान गावांतील उद्योगांना ही बाब विशेष जाणवते. नोंदी डेटाबेसच्या साध्या तक्त्यांत असल्यामुळे त्या बाहेर काढता येतात. मात्र स्थानिक गरजेनुसार केलेले बदल प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर पुन्हा तपासावे लागतात. जुन्या आवृत्तीचे साहाय्य संपल्यावर सुरक्षाविषयक दुरुस्त्याही थांबतात. बदल करणारी व्यक्ती उपलब्ध नसल्यास उद्योगाला जुन्या आवृत्तीवरच राहावे लागते. म्हणून असे बदल मूळ संहितेत न करता स्वतंत्र जोड-आज्ञावलीत करणे आणि त्यांची लेखी नोंद ठेवणे हितावह ठरते.