जेट तोच, पेट्रोल वेगळं

बोअरिंग करून, नवा पिस्टन बसवून पोरं मातीच्या रेसची गाडी घेऊन येतात आणि विचारतात, "काका, मेन जेट किती नंबरचा टाकू?" नंबर सांगायला काय, कुणीही सांगेल. पण ज्या पेट्रोलवर आम्ही हे काम शिकलो, ते पेट्रोलच आता पंपावर मिळत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी या धंद्यात शिरलो तेव्हा टू-स्ट्रोक म्हणजे जावा, येझदी, राजदूत. म्हैसूरच्या कारखान्यात जावा 1961 पासून बनत होती. तिचं कार्बोरेटर मूळ चेक घराण्याचं, जिकोव्ह. पाहिजे त्या मापाचा जेट दुकानात मिळेल ही आशाच नव्हती. मग जेटचं भोक कथलानं बुजवायचं आणि बारीक ड्रिल हातानं फिरवून नवं पाडायचं. आज लोक याला कारागिरी म्हणून डोक्यावर घेतात. माझं मत विचाराल तर ती नाइलाजाची कामं होती. हातानं पाडलेलं भोक कधी गोल येत नाही, आणि एकाच मापाचे म्हणून केलेले दोन जेट दोन तऱ्हांनी चालायचे.

1985 ला एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरएक्स 100 आणली आणि मिकुनीचं कार्बोरेटर हाताखाली आलं. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर, वजनाला हलकी. मडगार्ड काढा, जाड खाचांचे टायर घाला, सायलेन्सरच्या जागी एक्सपान्शन चेंबर लावा, की झाली डर्ट बाइक. ऑइल पंप काढून टाकायचा आणि टाकीतच ऑइल मिसळायचं. खरं जेटिंग आम्ही या गाडीवर शिकलो.

इंजिन खोललं की जुनं जेटिंग गेलंच म्हणायचं. नव्या रिंगा जास्त ओढतात, नवे क्रँक सील आत जाणारी चोरटी हवा बंद करतात. त्यात नवं इंजिन म्हणून लोक ऑइल जास्त घालतात. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं. म्हणजे इंजिन जपायला जावं तर मिक्श्चर लीन होऊन बसतं, आणि लीन गाडी पिस्टन जाम करते. म्हणून सुरुवातीला मेन जेट एक-दोन नंबर मोठाच. गाडी भरभरली, धूर काढला तर काढू दे.

जेटला हात लावायच्या आधी बघायचं, की थ्रॉटल सोडल्यावर रेस पटकन खाली येते का. तरंगत राहिली तर कुठून तरी हवा घेते आहे. मॅनिफोल्डचा रबर, ब्लॉकखालचं पॅकिंग, मॅग्नेटच्या बाजूचा सील, सगळं तपासायचं. तो दोष जेटनं झाकला की पंधरवड्यात इंजिन परत टेबलावर येतं. त्यानंतर मी वरून खाली येतो: फुल थ्रॉटलला मेन जेट, मधल्या टप्प्याला नीडलची क्लिप, शेवटी स्लो जेट आणि एअर स्क्रू. क्लिप खालच्या खाचेत घातली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. काही मिस्त्री खालून वर जातात. त्यांच्या गाड्याही चांगल्या पळतात, वाद घालण्यात अर्थ नाही.

घाटाचा हिशेब वेगळा. हजार मीटर चढलं की हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. चेन्नईजवळच्या शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर, रेस व्हायच्या. पुण्या-कोल्हापूरच्या पठारावर बसवलेली गाडी तिथं समुद्रसपाटीला नेली की तीच गाडी लीन. खिशात दोन मोठे जेट असलेला माणूस शहाणा.

फुल थ्रॉटलवर पळवून तिथंच इंजिन बंद करायचं, क्लच दाबायचा आणि प्लग काढून बघायचा. चहाचा रंग आला तर बरोबर, पांढरा फटक आला तर धोका, काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त. पण त्या चहाच्या रंगात शिशाचा वाटा होता. शिसेविरहित पेट्रोल 1995 ला चार महानगरांत आलं, 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर. मग जेटिंग बरोबर असतानाही प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरं राहायला लागलं आणि जुने मिस्त्री जेट वाढवत सुटले. आता खरा रंग चिनीमातीच्या मुळाशी, अगदी आत, बारीक कड्यासारखा दिसतो. मी हेड उघडून पिस्टनचा माथाही बघतो. ट्रान्सफर पोर्टसमोर काजळी धुऊन स्वच्छ पट्टे पडलेले असतात. पट्टे मोठे तर मिक्श्चर रिच, दिसतच नाहीत तर लीन.

आणि आता इथेनॉल. आमच्याच जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो आणि पंपावरून कार्बोरेटरमध्ये येतो. 2022 ला दहा टक्के झालं, 2025 ला वीस. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं. त्यामुळं वीस टक्केवाल्या पेट्रोलवर पूर्वीपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. आरएक्सच्या जुन्या पुस्तकातला नंबर या पेट्रोलवर सरळ लीन आहे. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात पडून राहिलेल्या टाकीत पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि कॉक तळातूनच घेतो. म्हणून रेसचं पेट्रोल त्याच दिवशी सकाळी भरायचं, ऑइल तेव्हाच मिसळायचं, आणि गाडी उभी करताना कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची.