पडसे आणि फ्लू : एका गल्लतीचा इतिहास

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी दोन गोष्टी हमखास होतात. पहिला चकलीचा घाणा बिघडतो आणि कोणीतरी शिंकते. पहाटेचा गारठा, अभ्यंगस्नानाचे ओले केस, फटाक्यांचा धूर आणि पाहुण्यांची दाटी, एवढ्या सामग्रीवर पडसे न आले तरच नवल! पण हल्ली पडसे कोणाला होतच नाही. तिसरी शिंक आली की माणूस सांगतो, "मला फ्लू झालाय." साध्या पडशाने अंथरूण धरणे जणू कमीपणाचे झाले आहे.

माझ्या आजीला हे मुळीच खपत नसे. कोणी आजारी पडले की ती आधी एकच प्रश्न विचारी, "कधीपासून?" 'परवा घसा खवखवत होता, काल नाक वाहू लागले' असे उत्तर आले की ती निर्धास्तपणे गवती चहा आणि सुंठ शोधायला जाई. पण 'जेवून उठलो तोवर ठणठणीत होतो, चार वाजता एकदम हुडहुडी भरली' असे कोणी म्हणाले, तर ती गप्प होई. त्या खोलीत मुलांना मज्जाव होई आणि डॉक्टरांकडे निरोप जाई. तिचे म्हणणे असे, की पडसे जिना चढून येते आणि फ्लू दार फोडून येतो. १९१८ साली ती बारा वर्षांची होती, गिरगावातल्या एका चाळीत राहत होती. त्या वर्षीच्या आश्विनात तिची आई चार दिवसांच्या तापात गेली.

गल्लत जुनी आहे, आणि ती केवळ आपलीच नाही. आपला 'पडसे' हा शब्द संस्कृत 'प्रतिश्याय' या शब्दावरून आला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायाचा स्वतंत्र अध्याय असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. म्हणजे नाक गळण्याकडेही आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिले होते. 'इन्फ्ल्युएन्झा' हा शब्द इटलीचा. त्याचा मूळ अर्थ प्रभाव. एकाच आठवड्यात सारे गाव आडवे करणारा ताप ग्रहताऱ्यांच्या प्रभावानेच येत असणार, अशी तिथल्या लोकांची समजूत. १७४३ च्या साथीत तो शब्द इंग्रजीत शिरला आणि यथावकाश आखडत आखडत 'फ्लू' झाला. नाव एवढेसे झाले की रोगही एवढासा वाटू लागतो!

आता १९१८ च्या मुंबईकडे येऊ. १० जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी म्हणून पोलीस इस्पितळात दाखल झाले. त्यांपैकी एकाचा पहारा गोदीवर होता. ताप हिवतापाचा नव्हे, एवढे डॉक्टरांच्या ध्यानात आले. पाठोपाठ गोदी, गिरण्या, बँका आणि कचेऱ्या यांतील माणसे आजारी पडू लागली. नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर हे सारे टिपून ठेवीत होते. पण बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरे, माणूस आठवड्याने कामावर जाई. पावसाळ्याचे दिवस; सर्दी-ताप कोणाच्या घरात नव्हता? जुलैत साथ ओसरली. शहराने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि साथ विसरून गेले.

सप्टेंबरात ती परत आली. नाव तेच, लक्षणांचा आरंभही तोच. परंतु या वेळी ताप छातीत उतरत होता. फुप्फुसे भरून येत, श्वास लागे, ओठ आणि नखे निळी पडत. फ्लूने म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दगावतात हा नेहमीचा अनुभव. या साथीने वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी माणसे नेमकी उचलली. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. घटस्थापनेचे ते दिवस. आजी म्हणे, त्या वर्षी चाळीत कोणाचे घट बसले आणि कोणाचे नाही हे विचारायची सोय नव्हती.

मृत्यू सर्वांना सारखा लेखतो असे आपण म्हणतो. त्या वर्षाचे मुंबईचे आकडे निराळे बोलतात. युरोपियनांत हजारी सुमारे ८ माणसे या रोगाने गेली, पारशांत ९; आणि ज्यांना त्या काळचे कागद 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणत, त्यांच्यांत हजारी ६१ हून अधिक. जंतू तोच होता. फरक होता तो खोलीत किती माणसे निजत, पोटात काय होते आणि पाणी द्यायला कोणी उभे होते की नाही, याचा. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. खेड्यापाड्यांत या रोगाला 'मानमोडी' म्हणत. किती नेमके नाव! मान आणि पाठ मोडल्यासारखी होते, हे लक्षणच लोकांनी नावात घातले. त्या नावाचा रोग पडसे म्हणून खपला नसता. देशभरात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या एकाच दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, ती मुख्यतः यामुळे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. गांधीजींनाही त्या वर्षी फ्लू झाला होता, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. पण आत्मचरित्रात त्यांनी स्वतः वर्णिलेला १९१८ चा जीवघेणा आजार आमांशाचा आहे. साथीच्या वर्षी प्रत्येक आजाराला साथीचेच नाव चिकटते ते असे.

डॉक्टरांची अवस्था तरी काय होती? १८९२ साली बर्लिनच्या रिखार्ट फायफर यांनी फ्लूचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. पुस्तकांत तेच शिकवीत. १९१८ साली प्रेतांमागून प्रेते तपासली तरी कित्येकांत तो जंतू मिळेना, आणि निरोगी घशांत मात्र सापडे. खरा गुन्हेगार मिळायला १९३३ साल उजाडले. लंडनजवळ मिल हिल येथे कुत्र्यांच्या एका रोगाचा अभ्यास चालू होता. त्यासाठी फेरेट नावाचे मुंगसासारखे दिसणारे प्राणी पाळलेले होते. विल्सन स्मिथ, ॲन्ड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या रोग्याचा घशातला स्राव बारीक गाळणीतून गाळून त्यांच्या नाकात घातला. जंतू अडवणारी गाळणी; तरीही फेरेट शिंकू लागले. म्हणजे हा जंतूहून सूक्ष्म असा विषाणू होता. १९३६ साली असल्याच एका आजारी फेरेटाने चार्ल्स स्ट्यूअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंक दिली, आणि दोन दिवसांत साहेब स्वतः फ्लूने पडले. एका शिंकेने इतके शास्त्र क्वचितच शिकवले असेल.

पडशाचा उलगडा त्याहून चिवट निघाला. १९१४ सालीच लाइपझिगच्या क्रूझ यांनी आपल्या साहाय्यकाच्या नाकातले पाणी गाळून सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या नाकांत घातले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पडसे आणून दाखवले होते. पण युद्ध आले आणि ते काम मागे पडले. १९४६ साली त्याच ॲन्ड्र्यूजनी इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ पडशाच्या अभ्यासाचे केंद्र काढले. ते १९९० पर्यंत चालले. फुकट राहणे-जेवणे, पुस्तके, मोकळी हवा. अट एवढीच की नाकात थेंब घालून घ्यायचे. हजारो माणसे हौसेने गेली म्हणे, काही तर पुन्हा पुन्हा! तिथे ॲन्ड्र्यूजनी काही जणांना गरम पाण्याने न्हाऊ घालून ओलेत्याने वाऱ्यात उभे केले, ओले मोजे घालून बसवले. गारठलेल्यांना पडसे अधिक झाले नाही. समस्त आज्यांचा हा पराभवच. मात्र २००५ साली कार्डिफ येथे गार पाण्यात पाय बुडवून बसवलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढच्या काही दिवसांत सर्दी झाल्याचे सांगितले. तेव्हा केस पुसावेत हे बरे.

१९५६ च्या सुमारास पडशाचा मुख्य विषाणू अमेरिकेत हाती आला. तो एक नव्हे, दीडशेहून अधिक भावंडांचा गोतावळा आहे; म्हणून पडशाची लस अजून नाही आणि एकदा झालेले पडसे पुन्हा होते. फ्लूचा विषाणू दरवर्षी वेष पालटतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नवी घ्यावी लागते. सॉल्झबरीत १९६५ साली एका शाळकरी मुलाच्या पडशातून आणखी एक निराळा विषाणू मिळाला. तीन वर्षांनी त्या घराण्याचे नाव कोरोना ठेवण्यात आले. २०२० साली त्याच घराण्यातल्या नव्या विषाणूने जगाची दारे लावून घेतली, हे वाचकांना सांगायला नको.

आजीचा नियम मी १९५७ साली अंगावर अनुभवला. त्या वर्षी मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून नवा फ्लू देशात उतरला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ४४ लाखांवर रोगी नोंदले गेले. आमच्या घरी पहिला मीच. गोट्या खेळता खेळता थंडी वाजली, संध्याकाळी डोळे उघडवेनात, हाडन् हाड ठणकत होते, आणि नाक मात्र कोरडे. आजी उशाशी बसून होती. मला ताप किती आहे हे तिने विचारले नाही. ती माझी नखे पाहत होती. ती का, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

नियम दरवेळी खरा ठरतो असे मात्र नाही. सौम्य फ्लू पडशाच्या वेषात येतो. म्हाताऱ्यांना कधी तापच चढत नाही. आणि कोरोना दोन्हींची सोंगे आणतो. खात्री करायची तर नाकातला नमुना तपासायलाच हवा. श्वास लागणे, ओठ निळे पडणे, गुंगी येणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांतले काही दिसले तर नावाचा घोळ घालत न बसता इस्पितळ गाठावे. १९१८ साली हे कळूनही हाती काही नव्हते. आज फ्लूवर औषध आहे. पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केले तर अधिक गुण देते. 'साधे पडसे असेल' म्हणत दोन दिवस काढणे महागात पडते ते यासाठी. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाईन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी, तेव्हा मी पुण्यातच होतो. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा नायडू रुग्णालयाबाहेर लागल्या. त्या रांगांतल्या बऱ्याच जणांना निव्वळ पडसे होते.

गेल्या पावसाळ्यात माझी नात क्लासहून आली ती दप्तर टाकून सरळ पलंगावर पडली. सून म्हणाली, "भिजली असेल, सर्दी होईल." मी विचारले, "कधीपासून गं?"

"सव्वापाचला, आबा. गणित चाललं होतं तेव्हा."

मी चपला शोधू लागलो. डॉक्टरांचा दवाखाना सातला बंद होतो.